काळ्या मातीच्या रस्त्यांसाठी जुन्या एस्टीमचं सस्पेन्शन

मारुतीची एस्टीम १९९४ साली आली आणि २००७ च्या सुमारास बंद झाली. म्हणजे सगळ्यात शेवटची गाडीही आता पंधरा वर्षांच्या पुढे गेली. १२९८ सीसीचं इंजिन, हलकं अंग आणि चारही चाकांना स्वतंत्र स्ट्रट (शॉकअपचाच उभा खांब, चाक त्यालाच जोडलेलं असतं), यामुळे आपल्या देशातल्या रॅलींमध्ये ती कित्येक वर्षं पळाली. आजही इंजिन जोरात असतं, पण खालचं रबर मेलेलं असतं. आणि गाडी हाती आली की पोट्टे पहिलं हेच विचारतात, "भाऊ, खाली बसवायची आहे, कोणत्या स्प्रिंगा टाकू?" स्प्रिंगांचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी टायर, मग बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), मग शॉकअप (गाडीचं डुलणं थांबवणारा नळा), मग अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं).

याचं कारण आपले रस्ते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. खड्डा निदान दिसतो, डांबराची लाट दिसत नाही. लाटेवरून उतरताना चाक हवेत राहिलं की तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रात्री रोही (नीलगाय) कधी आडवा येईल याचा नेम नसतो. तेव्हा उपयोगी पडतं ते जमिनीला टेकलेलं चाक. कडक आणि बुटकी गाडी गुळगुळीत ट्रॅकवर शोभते, इथे ती उड्या मारते आणि गावठी स्पीडब्रेकरवर पोट घासते.

टायरचं थोडक्यात सांगतो. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी म्हातारं टायर ओल्या डांबरावर पकड धरत नाही. रिम तेरा इंचीच ठेवा. रिम वाढवली की टायरची भिंत बुटकी होते, आणि खड्ड्याचा पहिला मार खाते ती भिंतच. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा.

आता बुश. माझ्या मते जुन्या गाडीतला निम्मा फरक इथेच पडतो, आणि गॅरेजात सगळ्यात कमी लक्षही इथेच जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं आणि चिरतं. पुढचं चाक उचलून लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) पहारीने हळूच ढकलून बघा. आर्म नुसता लवला तर ठीक, ठक्क आवाज करून सरकला तर बुश गेला. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ आला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा बेअरिंग गेलं. डावी-उजवीकडे हलवून आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा). पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश टिकतात, पण रस्त्याची प्रत्येक खडी सीटपर्यंत पोहोचवतात. रोजच्या गाडीत मी मूळ मापाचे रबरी बुशच घालतो.

बसवताना एक गोष्ट मात्र पक्की पाळा. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट शेवटचा आवळू नका. रबराची आतली नळी बोल्टने जखडली जाते. गाडी हवेत असताना ती आवळली तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेल्या दोरासारखं कायम ताणात राहतं आणि लवकर फाटतं, शिवाय गाडीची उंचीही चुकते. बोल्ट हाताने बसवा, मग गाडीचं वजन चाकांवर घ्या आणि मगच आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकांखाली जाड फळ्या द्या. मिस्त्री घाईत असेल तर स्वतः उभं राहून हे करून घ्या.

शॉकअप. बोनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डुलत राहिली तर शॉकअप मेला. पण अर्धा मेलेला शॉकअप या परीक्षेत पकडला जात नाही. त्यासाठी दांड्यावर तेल ओघळलंय का बघा, आणि टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट झिजलेलं टायर म्हणजे चाक रस्त्यावर नाचत होतं. नवे घेताना गॅसचे घ्या. सलग खराब रस्त्यावर नुसत्या तेलाच्या शॉकअपमध्ये फेस होतो आणि तो ढिला पडतो, गॅसचा दाब हा फेस आवरतो. कंप्रेशन (शॉकअप दबतानाचा अडसर) मूळ गाडीइतकं आणि रिबाउंड (परत उघडतानाचा अडसर) किंचित घट्ट, हे आपल्या लाटांना जमतं. बदलायचे तर जोडीने. सोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (चाक पार वर गेलं की धक्का झेलणारं रबर) आणि धुळीचं कव्हरही नवं टाका. आपली धूळ सील खाऊन टाकते.

काम सिमेंटच्या ओट्यावर करा. काळ्या मातीवर जॅक तिरपा होऊन रुततो. गाडीखाली स्टँड लावलेच पाहिजेत. पुढच्या स्ट्रटचं मधलं नट स्प्रिंग दाबल्याशिवाय कधीही सोडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोर लावून दोन्ही बाजू थोड्या थोड्या आळीपाळीने आवळा. मागच्या चाकांना एस्टीमची स्प्रिंग शॉकअपभोवती नसते, ती लोअर आर्मवर वेगळी बसते. म्हणून तिथे आर्मखाली जॅक देऊन तो सावकाश उतरवा. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका. ओरखडा पडला की सील फाटलं समजा.

स्प्रिंगा दबून बुटक्या झाल्या असतील तरच बदला. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावी-उजवी उंची मोजा. फरक दिसला तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा जोडीने घाला. "कापून देऊ काय, मस्त बसते गाडी" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. कापल्यावर चाकाला वर जायला जागा उरत नाही, मागची स्प्रिंग चाक लोंबलं की बैठकीतून सुटू शकते, आणि पुढचे लोअर आर्म वरच्या दिशेला तिरपे झाल्याने वळणावर गाडी उलट जास्त कलते. मागे जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) टाकायचा सल्लाही मिळेल. पुढचं नाक वळणाबाहेर पळायचं त्याने कमी होतं हे खरं, पण कडेच्या मुरुमावर आणि ओल्या डांबरावर मागचं अंग सुटतं. मी तो घालत नाही.

शेवटी अलाइनमेंट, आणि मागच्या चाकांचा टोही (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) मोजायला लावा. टाकीत निम्मं पेट्रोल असावं आणि डिक्कीत नेहमीचंच सामान. नंतर ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, शक्यतो सकाळी रिकाम्या वेळी चालवून बघा. लाटेवरून उतरताच गाडी एका झोक्यात शांत झाली आणि स्टिअरिंग हलकं सुटलं नाही, म्हणजे काम जमलं. चारपाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, शॉकअपवर ओल आहे का बघा, आणि टो पुन्हा मोजून घ्या, कारण तोवर नवे बुश बसलेले असतात.