पाटाएवढं देवघर

आषाढ संपत आला होता तेव्हा भाचीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत राहतात, दोघांच्या नोकऱ्या शिफ्टच्या. "आत्या, आईने देव दिलेत. स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून. महिना झाला, डबा कपाटातच आहे. उघडायची भीती वाटते."

भीती कसली, तर चुकलं तर काय होईल याची. तिने चार व्हिडिओ पाहिले होते आणि चौघांनी चार दिशा सांगितल्या होत्या. म्हटलं, डबा तसाच राहू दे, शनिवारी येते. त्या शनिवारी आम्ही दोघींनी जे केलं तेच इथे लिहिते आहे. मी काही गुरुजी नाही. एकतीस वर्षं घरचे देव रोज पुसते आहे, तेवढाच माझा अधिकार.

गेल्या गेल्या मी डबा उघडला नाही. आधी विचारलं, "सकाळी तुझ्याकडे किती मिनिटं असतात?"

"दहा."

"खरं सांग."

"सात."

सात मिनिटांत तीन देवांची पूजा नीट होते. अकरांची होत नाही. देवघर मांडताना लोक आधी जागा बघतात, मग फर्निचर, मग मूर्ती, आणि रोजचा वेळ कोणी मोजतच नाही. माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यात तेवीस देव होते. काशीहून आलेले, कोणी कोणी दिलेले, कुणाच्या घरातून सांभाळायला म्हणून आलेले आणि मग इथलेच झालेले. त्या गेल्यावर ते सगळे माझ्याकडे आले. मी तेव्हा नोकरी करत होते. दोन वर्षं मी पूजा नाही, भांडी घासल्यासारखे देव घासले. शेवटी आमच्या गुरुजींनीच सांगितलं की घरात तीन गणपती, दोन शिवलिंगं, दोन शंख एकत्र पुजू नयेत असा संकेत आहे, तेव्हा जास्तीचे कमी करा. मला तर ते ऐकून हलकंच वाटलं. आता नऊ आहेत.

मग डबा उघडला. आत तिघं होते: अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि पितळेचा एक गणपती. माहेरहून मुलीला लग्नात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, तसे हे आलेले. सुरुवातीला याहून जास्त लागत नाही. तिच्या सासरचं कुलदैवत पालीचा खंडोबा, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पालचा. त्याचा टाक मोठ्या दिरांकडे आहे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली देवाची मूर्ती. घर वेगळं झालं की धाकटी पाती नवा टाक करून घेते आणि कुलदैवताला भेटवून मग देवघरात आणते. ती घाई आत्ता नको, पुढे पालीला जाणं होईल तेव्हा बघता येईल. तोवर खंडोबाचा छोटा फोटो चालतो.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनीही दुकानात धावू नये. वाटीत मूठभर तांदूळ घ्या, त्यावर एक अखंड सुपारी ठेवा, हळदकुंकू वाहा. झाला गणपती. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळीकडे गणपती असाच मांडतात, मग तुमच्या घरी का नको? महिनाभर सुपारीची पूजा जमली, तर मूर्ती आणा. घेताना अंगठ्याच्या पेराएवढी ते फार तर वीतभर, असं घरच्या मूर्तीचं जुनं माप आहे. आणि भरीव घ्या. पोकळ मूर्तीत अंघोळीचं पाणी साचतं, चार दिवसांत आतून वास येतो, आणि ते पाणी काढताना मूर्ती हातात उलटी धरून झटकायची वेळ येते, जे मला तरी बघवत नाही.

आता जागा. ईशान्य कोपरा उत्तम, असं सगळे सांगतात. भाचीच्या घरात ईशान्येला वॉशिंग मशीन आहे आणि मालक भिंतीला खिळा मारू देत नाही. मग मी माझा नियम लावला: पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला आलं की पुरे. हॉलमध्ये तिचं एक बुटकं पुस्तकांचं कपाट आहे, पूर्वेच्या भिंतीला टेकलेलं. वरची फळी रिकामी केली. त्यावर चार्जर, चष्मा, गाडीची किल्ली आणि कुरिअरच्या पावत्या होत्या; त्या सगळ्यांसाठी शेजारी वेगळी टोपली ठेवली, नाहीतर आठवड्यात त्या देवांच्या पुढ्यात परत येतात. फळीवर फूटभर लांबीचा लाकडी पाट, त्यावर लाल सुती कापड. देवघर तयार. उभं राहून पूजा करायची असल्यामुळे उंची छातीएवढी बरी. संडास-बाथरूमची भिंत मात्र टाळा, आणि पायांची रहदारी असेल तिथेही नको.

तयार देव्हाऱ्याबद्दल मात्र बोलते, कारण माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी मी प्लायवूडचा एक देखणा देव्हारा घेतला होता, वर कळस, पुढे जाळीची दारं. दसऱ्याला आत समई लावली आणि स्वयंपाकाला गेले. पोळ्या होईपर्यंत वरच्या फळीचा सनमायका फुगून पोपडा आला होता आणि खाली काळा गोल डाग. नशीब, तेवढ्यावरच भागलं. तेव्हापासून समई देव्हाऱ्याबाहेर, पितळी ताटात. ज्योतीच्या वर दीड-दोन फूट तरी मोकळं पाहिजे, आणि पडदा ज्योतीपासून हातभर दूर. घरी कोणी नसताना दिवा जळत ठेवू नका, कितीही इच्छा असली तरी. कराडच्या आमच्या जुन्या घरात उंदराने समईतली पेटती वात पळवलेली मी लहानपणी पाहिली आहे. तेल लागलेली वात त्याला खाऊच वाटते. आजोबा धोतर सावरत त्याच्यामागे धावले होते.

सामान थोडं लागतं. तांब्याचं ताम्हण, पळी आणि पंचपात्र, एक छोटी घंटा, निरांजन, उदबत्तीचं घर, हळदकुंकवासाठी कोयरी किंवा साध्या दोन वाट्या, चंदन उगाळायला सहाण आणि खोड, देव पुसायला मऊ सुती रुमाल. एवढंच. पुण्यात असाल तर तुळशीबागेत एका फेरीत सगळं मिळतं, आणि तांब्याचं ताम्हण हाताने ठोकलेलं हवं असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. ताम्हण वजनाला जड बघा. पातळ पत्र्याचं चिमटतं आणि सहा महिन्यांत त्याचा तळ वर येतो. दूध किंवा दही तांब्यात ठेवू नका. नैवेद्याची वाटी चांदीची किंवा स्टीलची.

फुलवाती विकतच्या आणा, कोणी काही म्हणणार नाही. पण वळायला शिकायचं असेल तर शनिवारी दुपारी आम्ही जे केलं ते असं. कापसाचा चिमूटभर पुंजका घ्यायचा, त्यातली सरकी, काडीकचरा बोटांनी काढायचा. मग तो तळहातावर चपटा पसरायचा, बंद्या रुपयाएवढा. मधोमध चिमटीत धरून वर ओढायचा आणि बोटाला दुधाचा थेंब लावून ते टोक पीळ देत वळायचं. खाली गोल बैठक, वर टोक. भाचीच्या पहिल्या सहा वाती माकडाच्या शेपटासारख्या झाल्या, सातवी उभी राहिली. वळलेल्या वाती वितळलेल्या साजूक तुपात बुडवून डबीत भरायच्या आणि डबी फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी एक उचलायची, निरांजनात ठेवायची, लावायची. तुपाची डबी, चमचा, सांडणं, सगळं वाचतं. एवढ्या तुपात माझं निरांजन वीसेक मिनिटं जळतं, म्हणजे ऑफिसला निघेपर्यंत आपोआप शांत होतं. फुलवात तुपाची, समईची लांब वात तेलाची. उलट केलं तर फुलवात तेलात बसकण मारते.

रविवारी सकाळी तिने अंघोळ करून पूजा केली, मी खुर्चीत बसून नुसतं बघत होते. मूर्तींची प्राणप्रतिष्ठा गुरुजींकडून करून घ्यायची असेल तर जरूर घ्या. तिच्या देवांची आईच्या घरी रोज पूजा होत होतीच, त्यामुळे पहिल्या दिवशी पंचामृताने अंघोळ घातली: दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकी अर्धा चमचा. रोज फक्त पाणी.

रोजचा क्रम सोपा आहे. कालची फुलं काढायची. तिन्ही देव ताम्हणात घ्यायचे, पळीने पाणी घालायचं, रुमालाने नीट पुसायचं, विशेषतः बाळकृष्णाच्या कोपराखाली, तिथे पाणी राहून हिरवट डाग धरतो. परत पाटावर. गणपती मधे. अन्नपूर्णा एका छोट्या वाटीत तांदूळ घालून त्यावर बसवायची. अनामिकेने गंध लावायचं, अक्षता वाहायच्या, म्हणजे न तुटलेले तांदूळ, थोडं कुंकू लावलेले. मग हळदकुंकू, फूल, उदबत्ती, निरांजन आणि नैवेद्य. नैवेद्याच्या वाटीखाली पाण्याने छोटा चौकोन काढायचा. आमच्याकडे रोज दूधसाखरच असते. शास्त्रात हेच गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य असे पंचोपचार. सोळा उपचारांची पूजा सणाला करा.

गणपतीला दुर्वा आणि जास्वंद, बाळकृष्णाला तुळस. गणपतीला तुळस वाहत नाहीत, भाद्रपदातल्या चतुर्थीचा अपवाद सोडून. फूल नसेल तर अक्षता वाहा आणि पुढे चला. सोसायटीच्या बागेतून चोरून फुलं तोडणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यांच्या देवाला काय वाटत असेल कोण जाणे.

मंत्र येत नाहीत, म्हणाली. "गणपती स्तोत्र येतं का?" ते शाळेत पाठ झालेलं होतं. देवांना अंघोळ घालून पुसेपर्यंत तेवढं एकदा म्हणून होतं. झालं की. मोबाईलवर लावून मधे कांदा चिरायला जाण्यापेक्षा तोंडाने चार ओळी म्हटलेल्या बऱ्या, असं माझं मत. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर उदबत्तीची राख थेट दुधात.

पूजेनंतरचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, तुळशीच्या कुंडीत घाला. तिच्याकडे तुळस नव्हती, बाल्कनीत कोरफड होती. तीही चालते. फुलं त्याच कुंडीत मातीखाली दाबा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नदीत टाकू नका. उदबत्तीची राख, काडेपेटीच्या काड्या याला निर्माल्य म्हणत नाहीत, त्या केरात.

आठवड्यातून एकदा देव उजळायचे. पितळ आणि तांब्याला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ, बोटांनी चोळून दोन मिनिटं, लगेच पाण्याने धुवून कोरडं. मीठ अंगावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात. पितांबरी असेल तर काम त्याहून लवकर. पण हल्लीच्या काही पितळी मूर्तींना वरून चकचकीत लेप असतो, त्यांना चिंच लावू नका. लेप अर्धवट निघतो आणि देव खरूज झाल्यासारखा दिसतो. चांदीच्या टाकाला चिंच-मीठ नको, त्याला दंतमंजन आणि मऊ कापड. फोटोला तर पाणीच नको, ओलसर फडकं फिरवलं की झालं.

"आणि गावाला गेलो तर?" तिने विचारलं. आमच्याकडे ताम्हणात तांदूळ पसरून देव त्यावर बसवतात, वर स्वच्छ कापड झाकतात, आणि नमस्कार करून कुलूप लावतात. शेजारणीला किल्ली देऊन दिवा लावायला सांगू नका. आगीचं एक कारण वाढतं, आणि तिच्या डोक्याला तुमच्या देवांची काळजी. सुतकात पूजा थांबते, तेव्हाही हेच. पाळीच्या दिवसांचं विचारलंस, तर मी चार दिवस बसणाऱ्यातली. माझी सून न थांबता करते. दोघींच्या देवांनी अजून तक्रार केलेली नाही. तुझ्या सासूबाईंना एकदा विचार आणि मग तुला पटेल ते कर.

जायला निघाले तेव्हा तिने एक शेवटचं विचारलं. नवऱ्याला शनिवारी सुट्टी असते, तो पूजा करू शकतो का? का नाही? माझ्या वडिलांनीच केली जन्मभर. आई स्वयंपाकघरातून "नैवेद्य तयार आहे" एवढंच सांगायची.

तीन आठवड्यांनी परत फोन. "आत्या, अन्नपूर्णेच्या वाटीतले तांदूळ जुने झाले. विसर्जन कसं करायचं?"

"विसर्जन? अगं, निवडून कुकरला लाव. आणि वाटीत नवे घाल."