या चुका टाळा: दुसरीच्या वर्गाचा आठवडा नेमका कुठे फसतो

साप्ताहिक नियोजनाच्या वहीत सोमवार ते शनिवार सगळे रकाने सारख्या रुंदीचे असतात. वर्गात तसं नसतं. सोमवारी मुलं सुट्टीतून आलेली असतात, शनिवारी शाळा सकाळची, आणि मधला एखादा दिवस बाजाराचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. हे चार तास वाया जातात ते बहुतेक वेळा उपक्रम वाईट असतो म्हणून नाही, तर चांगला उपक्रम चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या क्रमाने घेतला जातो म्हणून. खालचं सगळं जिल्हा परिषदेच्या शाळेतला तीसेक मुलांचा दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

बाजाराच्या दिवशी नवा पाठ

मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढा आणि वारांप्रमाणे गैरहजेरी मोजा. गावचा बाजार मंगळवारी असेल तर तो वार लगेच ओळखू येतो. त्या दिवशी हातच्याची वजाबाकी सुरू केली, तर बुधवारी तेच पुन्हा शिकवावं लागतं आणि मंगळवारी आलेली मुलं कंटाळतात. बाजाराच्या दिवशी सराव, खेळ, वाचन घ्या. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या भावांवर तोंडी गणितं घ्या, मुलांकडे ताजा माल असतो. सोमवारचा पहिला तासही नव्या घटकाला देऊ नका. शुक्रवारचं किती टिकलं ते पाहायला तो लागतो.

मूग रुजवणं: सर्वांत सोपा म्हणून सर्वांत जास्त बिघडणारा प्रयोग

नेहमीची चूक म्हणजे बुधवारी किंवा गुरुवारी बी भिजवणं. मोड येतात तोवर शनिवार उजाडतो, रविवारी पाणी घालायला कोणी नसतं आणि सोमवारी वाळलेले किंवा कुजलेले मूग दिसतात. भिजवायचं सोमवारी, शाळा भरल्या भरल्या. शाळा सुटताना पाणी काढून टाका आणि मूग ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवा. रात्रभर पाण्यात तसेच ठेवले तर उकाड्यात फेस येतो, वास सुटतो. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही, ते कुजतं. मंगळवारी पांढरं टोक दिसलं की बी पेल्यात लावा. थंडीच्या दिवसांत याला एक-दोन दिवस जास्त लागतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत हा प्रयोग पुढच्या आठवड्यापर्यंत चालेल असं धरूनच आखा.

पेला पारदर्शक हवा. आतल्या बाजूने वर्तमानपत्राची दुहेरी घडी गोल बसवा, मधे कागदाचे बोळे भरा आणि पेल्याची भिंत व कागद यांच्या मधोमध, निम्म्या उंचीवर, पाच मूग सरकवा. पाचच, कारण एखाद-दुसरं रुजत नाही आणि एकाच बीवर प्रयोग ठेवला तर ते मूल आठवडाभर हिरमुसून बसतं. तळाशी बोटभर पाणी ठेवा, कागद ते वर ओढून घेतो. बी पाण्याला टेकता कामा नये. मूग जुना किंवा किडका असेल तर काहीही करा, रुजत नाही. म्हणून वर्गात आणण्याआधी घरी मूठभर मूग भिजवून पाहा. डाळ तर अर्ध्या भागांची, सोललेली. तरीही दर वर्षी एखादा पेला डाळीचा असतोच; तो काढू नका, शेजारी ठेवा. डाळ का रुजली नाही, यावर मुलं फार चांगलं बोलतात.

तिसऱ्या दिवशी मुळावर बारीक पांढरी लव दिसली की मुलं ‘बुरशी आली’ म्हणून ओरडतात, आणि कधी कधी शिक्षकही पेला फेकून देतात. मुळाच्या टोकामागे चहूबाजूंनी सारखी दिसणारी लव ही मूळरोमांची, त्यांनीच रोप पाणी घेतं. बुरशी कापसासारखी गुंतलेली असते, बहुधा बीच्या सालावर किंवा न रुजलेल्या बीवर दिसते आणि तिला वास येतो. तसं बी तेवढंच काढा.

सर्वांत मोठी चूक मोजण्यात होते. मुलं पेल्याच्या तळापासून मोजतात, त्यामुळे न रुजलेला मूगही पहिल्याच दिवशी ‘पाच सेंटिमीटर’ भरतो. बीजवळ पेनाने रेघ मारा आणि तिथून वरचं खोड मोजा. पट्टीपेक्षा कागदाची पट्टी बरी: रोज त्याच वेळी रोपाएवढी पट्टी कापायची आणि वारांच्या रांगेत शेजारी शेजारी चिकटवायची. आपोआप स्तंभालेख तयार होतो. रविवारची जागा मात्र कोरी सोडायला सांगा. ती नाही सोडली तर रोप शनिवार ते सोमवार एकाच दिवसात वाढलं असं दिसतं.

आणखी एक. कपाटातला पेला दाखवून ‘उजेड नसला की रोप वाढत नाही’ असं सांगू नका. मुलांना समोर दिसतं की कपाटातलं रोप खिडकीतल्यापेक्षा उंच झालंय! बीमधल्या साठ्यावर ते उजेडाच्या शोधात लांबत जातं, पण पिवळट आणि मऊ राहतं. उंची, रंग आणि खोडाचा ताठपणा असे तीन रकाने केले तर मुलं स्वतःच नीट सांगतात.

काड्यांचे तयार गठ्ठे

दशक शिकवताना गठ्ठे आदल्या दिवशी शिक्षकांनीच बांधून ठेवलेले असतात. वेळ वाचतो आणि शिकणं हुकतं. दहा सुट्या काड्या मोजून बांधणं हाच तर दशक. पाच-पाच मुलांचे सहा गट करा. प्रत्येक गटाला शंभर सुट्या काड्या आणि दहा रबरबँड, थोडक्यात खराट्याच्या सहाशे काड्या एकाच मापाच्या कापून तयार हव्यात. चिंचोके सुटे मोजायला उत्तम, पण त्यांचा गठ्ठा होत नाही. पुडी केली तर आतले दहा दिसत नाहीत.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. कानावर पडेल तसं लिहिणारं मूल 34 लिहितं. हा निष्काळजीपणा नाही. ‘एकोण’वाल्या संख्या याहून अवघड: एकोणतीसमध्ये ‘तीस’ ऐकू येतं म्हणून 39 लिहिलं जातं. 19 पासून 89 पर्यंत अशा आठ संख्या आहेत, आणि 99 ला मात्र नव्व्याण्णव. याच घोळावर उपाय म्हणून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवू, वर्गात दोन्ही लागतात. पायरी समजावताना ‘चार दशक तीन’, व्यवहारात ‘त्रेचाळीस’. संख्या ऐकली की लगेच पेन्सिल उचलू देऊ नका. आधी गठ्ठे मांडायचे, मग लिहायचं. पुठ्ठ्याची कार्डंही करता येतात: 40 चं रुंद कार्ड, 3 चं अर्ध्या रुंदीचं, आणि तीन बरोबर शून्यावर ठेवायचा.

वजाबाकीत चूक शोधायला 42 − 17 देऊ नका. दोन वेगळ्या चुका करणारी मुलं याचं एकच चुकीचं उत्तर आणतात: 35. एक मूल सातातून दोन काढतं. दुसरं गठ्ठा सोडून बारातून सात काढतं, पण चार दशकांतला एक कमी करायला विसरतं. एककांतला फरक पाच असला की हे असंच होतं. त्याऐवजी 41 − 17 द्या. 36 आलं तर मूल लहान आकडा मोठ्यातून काढतंय, त्याला परत सुट्या काड्यांवर न्या. 34 आलं तर गठ्ठा सोडणं जमलंय, हिशेब ठेवणं राहिलंय. सुटलेल्या गठ्ठ्याचा रबरबँड वेगळ्या डबीत टाकायला लावा आणि उरलेले गठ्ठे मोजूनच पुढे जाऊ द्या. उत्तर 24. दोघांनाही ‘पुन्हा करून आण’ म्हणून दहा गणितं दिली तर तीच चूक दहा वेळा पक्की होते.

एका सुरातलं वाचन

सगळा वर्ग एका सुरात पाठ वाचतो तेव्हा पाच-सहा जण वाचत असतात आणि बाकीचे पाठ म्हणत असतात. तपासायला फार काही लागत नाही. चित्र झाका आणि शेवटची ओळ आधी वाचायला सांगा. रोज पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं: सहा दिवसांत तीसही मुलं होतात. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द असा वेग आहे, पण घड्याळ लावलं की मुलं विरामचिन्हं गिळतात. एक मिनिट वाचन, एक मिनिट त्याच मजकुरावर दोन प्रश्न.

घ-ध, भ-म, ब-व ही सारखी दिसणारी अक्षरं फरक समजावा म्हणून एकाच दिवशी शिकवली जातात. त्याने गोंधळ वाढतो. घ पक्का होऊ द्या, ‘घर’, ‘घागर’ सहज वाचता येऊ द्या, आणि ध आठवडाभराने आणा. शेजारी ठेवून तुलना त्यानंतर. पहिल्या वेलांटीचंही असंच: ती बोलताना नंतर, लिहिताना आधी. दोन्ही वेलांट्या एकाच तासात आणल्या की पुढचे सहा महिने ‘कीती’ आणि ‘मि’ तपासत बसावं लागतं.

पोषण आहारानंतरचा तास

तीस मुलं, एक नळ, प्रत्येकी अर्धा मिनिट. हात धुण्यातच पंधरा मिनिटं गेली, आणि तीही जेवणाआधीची. नियोजनात ही मिनिटं धरलेली नसतात, म्हणून दुपारचा पहिला तास रोज आखडतो. गटवार पाठवा; जे गट वर्गात थांबलेत त्यांच्याकडून पाढे. जेवणानंतर शांत वाचन ठेवलं तर मुलं पेंगतात. तिथे कृतिगीत, अंगणात आखलेली संख्यारेषा, काड्या. परिपाठही वीस मिनिटांतच आटपा, भाषणं लांबली की पहिल्या तासाची भाषा जाते.

पहिली-दुसरी एकाच शिक्षकाकडे असतील तर एका वर्गाला स्वाध्याय दिलेला असतो. तो आधी येत असलेल्या गोष्टीचाच हवा. नवं काही दिलं की दर दोन मिनिटांनी कोणीतरी ‘बाई, हे कसं?’ म्हणून पाटी घेऊन उभं राहतं आणि दोन्ही वर्ग थांबतात.

दप्तराविना शनिवार

रंगीत कागद, कात्री, खळ वाटून झाल्यावर सूचना देऊ नका, कोणी ऐकत नाही. आधी पूर्ण झालेला नमुना दाखवा, घड्या कोऱ्या कागदावर घालून घ्या, साहित्य सगळ्यांत शेवटी. कागदकामाला गट चारांचा, कात्र्या दोन. आठ जणांच्या गटात दोघं कापतात आणि सहा जण भांडतात. खळीला एक कप पाण्यात दोन चमचे मैदा, गुठळी न होऊ देता मंद आचेवर दाट होईपर्यंत. उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्या दिवसापुरतीच करा. शेवटची दहा मिनिटं झाडलोटीची आणि नोंदींची.

नोंद म्हणजे ‘प्रगती चांगली’ नव्हे. ‘गठ्ठा सोडते, दशक कमी करत नाही’ एवढं लिहिलं तर सोमवारी त्या मुलीला काय द्यायचं ते ठरलेलं असतं. वर्ग बंद करण्याआधी मुगाच्या पेल्यांत सुती कापडाची वात सोडा. तिचं एक टोक कागदात खोचा, दुसरं पेल्यांपेक्षा थोडं उंचावर, विटेवर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात. रविवार निघतो. एक पेला मात्र मुद्दाम वातीशिवाय ठेवा.