जुना पासवर्ड दाखवून धमकीचा मेल आलाय? पैसे भरू नका, आधी हे करा

मेलच्या सब्जेक्टमध्येच तुमचा पासवर्ड लिहिलेला असतो आणि तो खरा असतो, कधीकाळी तुम्हीच वापरलेला. खाली साधारण असा मजकूर असतो की मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घुसलोय, तू नको त्या साईटवर होतास तेव्हा कॅमेऱ्यातून तुझा व्हिडिओ काढलाय, कॉन्टॅक्ट लिस्टही माझ्याकडे आहे, ४८ तासांत बिटकॉइन पाठव नाहीतर घरच्यांना आणि ऑफिसात सगळ्यांना व्हिडिओ जाईल. वाचून पोटात गोळा येतो, कुणाच्याही येईल, पण या सगळ्यात खरी गोष्ट एकच आहे, तो पासवर्ड. व्हिडिओ, व्हायरस, कॉन्टॅक्ट लिस्ट या थापा आहेत. २०१८ च्या जुलैपासून असे मेल जगभर लाखोंनी गेलेत, मजकूर तोच, फक्त नाव, पासवर्ड आणि रक्कम बदलते.

मग पासवर्ड त्याला मिळाला कुठून? तुमच्या कॉम्प्युटरमधून नाही, तुम्ही जिथे अकाउंट उघडलं होतं त्या एखाद्या वेबसाईटच्या चोरीला गेलेल्या डेटातून. लिंक्डइनचा डेटा २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०१६ मध्ये त्यातले ११ कोटींहून जास्त ईमेल-पासवर्ड विकायला आले, अडोबीचा २०१३ मध्ये गेला, आपल्याकडे झोमॅटोचा २०१७ मध्ये गेला. हे पासवर्ड बहुतेक वेळा सांकेतिक रूपात साठवलेले असतात, पण नाव आणि जन्मसाल जोडून केलेले सोपे पासवर्ड त्यातून लगेच सुटतात. मग अशा याद्या एकत्र करून विकल्या जातात, जानेवारी २०१९ मध्ये तर ‘कलेक्शन नंबर १’ नावाच्या एकाच गठ्ठ्यात ७७ कोटींच्या वर ईमेल पत्ते होते. धमकी देणारा ती यादी घेतो, प्रोग्रॅम लावतो आणि सगळ्यांना मेल सोडतो, तुम्ही कोण हे त्याला माहीतही नसतं.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे पैसे भरायचे नाहीत आणि उत्तरही द्यायचं नाही, शिवी घालायलासुद्धा नाही. उत्तर दिलं की हा पत्ता चालू आहे आणि माणूस घाबरलाय एवढं त्याला कळतं. मेलमध्ये ‘पुरावा इथे बघ’ अशी लिंक किंवा अटॅचमेंट असेल तर अजिबात उघडू नका, २०१८ च्या शेवटी असे मेल आले होते ज्यात लिंकवरून ‘व्हिडिओ’ डाउनलोड करून चालवला की खरोखरचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्रॅम, कॉम्प्युटरमध्ये शिरायचा. नुसता मेल वाचलात तर काही झालेलं नाही.

दुसरं, मेल तुमच्याच पत्त्यावरून आलेला दिसत असेल तरी अकाउंट हॅक झालं असं धरू नका. मेल पाठवताना ‘फ्रॉम’मध्ये कुठलाही पत्ता टाकता येतो, पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहावं तसं. खात्री करायची असेल तर जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मेलच्या उजव्या बाजूची तीन टिंबं दाबा, ‘शो ओरिजिनल’ घ्या. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी दिसतील, मेल खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून आलाय का याच्या त्या तपासण्या असतात, त्यात फेल किंवा सॉफ्टफेल लिहिलेलं असेल तर पत्ता खोटा असण्याची शक्यता दाट आहे.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि बरेच जण नेमकं तेच सोडतात, मेल डिलीट करून मोकळे होतात. तो पासवर्ड आज कुठे वापरताय का हे आठवा. त्याचं थोडं बदललेलं रूप, म्हणजे शेवटी १२३ च्या जागी २०२४ लावलेलं, तेही धोक्याचंच, कारण फुटलेले पासवर्ड घेऊन दुसऱ्या साईटवर लॉगिन होतंय का हे आपोआप तपासणारे प्रोग्रॅम असतात आणि असे किरकोळ बदल त्यांना येतात. बदलायला सुरुवात ईमेलपासून करा, बँकेपासून नाही, कारण बाकीच्या बऱ्याच अकाउंटचे पासवर्ड रिसेट करायची लिंक ईमेलवरच येते, ईमेल गेला की सगळं गेलं. मग बँक, यूपीआय, फेसबुक, इन्स्टा, शॉपिंग. जीमेलचाच पासवर्ड तो असेल तर बदलल्यावर सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, म्हणजे तुमचे मेल आपोआप दुसरीकडे जातायत का ते कळेल, तुम्ही न लावलेला पत्ता दिसला तर काढा, आणि कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे तेही बघून अनोळखी असेल ते बाहेर काढा.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लक्षात राहत नाही, कुणाच्याच राहत नाही, म्हणून सगळे पासवर्ड जपून ठेवणारा पासवर्ड मॅनेजर वापरा, क्रोममधला चालेल किंवा बिटवॉर्डन आहे, फुकट मिळतो. जो एक पासवर्ड डोक्यात ठेवायचा तो लांब ठेवा, एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. शिवाय ईमेल आणि बाकी महत्त्वाच्या अकाउंटना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे दुसरी खात्रीही मागितली जाते, मग पासवर्ड फुटला तरी तेवढ्यावर कुणाला आत येता येत नाही.

तुमचा ईमेल कुठल्या चोरीत गेलाय हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साईटवर कळतं, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली आहे. तिथे ईमेल टाका, तेवढंच पुरतं. तपासून देतो म्हणून चालू पासवर्ड मागणाऱ्या अनोळखी साईटपासून लांब राहा.

मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग जीमेलमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ करा. तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साईटवर करता येते. पैसे भरून झाले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि ज्या ॲपवरून बिटकॉइन घेतला त्यांनाही ट्रान्झॅक्शन आयडी कळवा. बिटकॉइन एकदा गेला की उलट फिरवता येत नाही, पण तक्रार नोंदवाच, आणि दुसऱ्यांदा मागितले तर देऊ नका, एकदा देणाऱ्याकडे पुन्हा मागतात.

घरात वडिलांना, काकांना किंवा कॉलेजातल्या पोराला असा मेल आला असेल तर ‘खरंच बघत होतात का’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. माणूस शरमेपोटी गप्प राहतो, एकटाच कुढतो, आणि त्या गप्प राहण्यावरच हा धंदा चालतो. शेजारी बसा, हे लाखो लोकांना आलंय असं सांगा आणि पासवर्ड सोबत बसून बदलून द्या.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. अनोळखी व्यक्तीचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला, आणि नंतर तुमचा चेहरा दिसणारी क्लिप पाठवून पैसे मागितले, तर तिथे क्लिप खरोखर असते. तेव्हाही पैसे द्यायचे नाहीत, पण चॅट डिलीट करू नका, नंबर आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घेऊन मग ब्लॉक करा, फेसबुक-इन्स्टावरची फ्रेंड लिस्ट लपवा आणि त्याच दिवशी पोलिसांत जा. स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, ती क्लिप अपलोड न करता तुमच्याच फोनवर तिचा डिजिटल ठसा बनवते आणि फेसबुक, इन्स्टासारख्या कंपन्यांना देते, म्हणजे कुणी ती तिथे टाकायला गेलं तर त्यांना ओळखून अडवता येते.