दहशतवाद आणि परदेशी फौजा: हा विषय घेणाऱ्या नवीन पोरांसाठी

मुंबई विद्यापीठात, कलिनाला एमए केलं आणि डिझर्टेशनला हाच विषय होता, त्यामुळे ॲडमिशनचा सीझन आला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू, ताई हा टॉपिक घेऊ का, स्कोप आहे का. आहे ना. पण मुंबईच्या पोरांची यात एक पंचाईत असते, आपल्याला हा विषय घरचा वाटतो. वर्गात चर्चा निघाली की पाच मिनिटांत गाडी २६/११ वर, कोणाचा काका त्या रात्री सीएसटीला होता, कोणी कामा हॉस्पिटलजवळ राहायचं, मग "तेव्हाच घुसून मारायला हवं होतं" आणि "युद्धाने काय होतंय" असे दोन गट पडतात आणि लेक्चर संपतं. राग खराच असतो हो, पण त्यावर पेपर लिहिता येत नाही.

म्हणून मी एकच सवय लावून घ्यायला सांगते. बरोबर की चूक ते नंतर, आधी बघा सैन्य कोणत्या परवानगीवर गेलं. यूएन चार्टरचं कलम २(४) म्हणतं दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही. मग कायद्याने जायचे रस्ते मोजकेच: तिथल्या सरकारनेच बोलावलं, सुरक्षा परिषदेने मंजुरी दिली, नाहीतर कलम ५१ खाली स्वसंरक्षण.

सुरुवात अफगाणिस्तानपासून करा. ९/११ च्या दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबर २००१ ला, ठराव १३६८ आला आणि नोट्समध्ये सर्रास लिहिलेलं असतं की यूएनने अमेरिकेला हल्ल्याची परवानगी दिली. एकदा ठराव उघडून वाचा, छोटासाच आहे. त्यात अफगाणिस्तानचं नाव नाही, तालिबानचं नाही, स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलाय तो पण प्रस्तावनेत. ७ ऑक्टोबरला बॉम्बिंग सुरू झालं आणि त्याच तारखेचं अमेरिकेचं पत्र परिषदेकडे गेलं, की आम्ही कलम ५१ खाली हे करतोय. परिषदेची खरी मंजुरी आली डिसेंबरमध्ये, ठराव १३८६, आणि ती पण आयसॅफ नावाच्या वेगळ्या फौजेला, काबूल आणि आसपासच्या सुरक्षेपुरती. म्हणजे एकाच देशात दोन फौजा, दोघींचे कागद वेगळे. हे एकदा डोक्यात बसलं ना की वर्तमानपत्रातली अर्धी वाक्यं संशयास्पद वाटायला लागतात (घरचे वैतागतात, तयारी ठेवा).

माली एकदम वेगळी केस. जानेवारी २०१३ मध्ये जिहादी गट दक्षिणेकडे सरकायला लागले तेव्हा तिथल्या सरकारने फ्रान्सला बोलावलं आणि महिना संपायच्या आत टिंबक्टू शहर त्यांच्या हातून सुटलं, लोकांनी रस्त्यावर फ्रेंच झेंडे नाचवले. पुढे २०२० आणि २०२१ ला बंडं झाली, लष्करी सरकारचं फ्रान्सशी फाटलं आणि ऑगस्ट २०२२ ला फ्रेंच फौज बाहेर. भाड्याच्या घरासारखं आहे हे, मालक बदलला की ॲग्रीमेंट गेलं.

सीरिया शेवटी घ्या, डोकं फिरतं. रशिया २०१५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या बोलावण्यावर गेला, अमेरिका त्याच्या वर्षभर आधीपासून आयसिसवर बॉम्ब टाकत होती, दमास्कसला, म्हणजे सीरियाच्या सरकारला न विचारता, कारण काय तर इराकने मदत मागितलीय आणि सीरियाचं सरकार आयसिसला रोखत नाहीये. पॅरिस हल्ल्यानंतर ठराव २२४९ आला, भाषा एकदम कडक, पण चॅप्टर सेव्हनचा (चार्टरचा तो भाग, ज्याखाली परिषद बळ वापरायची मंजुरी देते) उल्लेखच नाही! नुसत्या एवढ्यावर डिझर्टेशन होईल, आणि तसंच करा, गाईडकडे "वॉर ऑन टेरर" असला अख्खा डोंगर घेऊन जाऊ नका.

साहित्याचं टेन्शन नको, ठराव आणि पत्रं यूएनच्या साईटवर फुकट आहेत, सांताक्रूझ ते कलिना रिक्षाच्या रांगेत मोबाईलवर वाचून होतात. पुस्तकांसाठी कॅम्पसची जवाहरलाल नेहरू लायब्ररी. प्रत्येक केसचा एक तक्ता करा, हल्ला कधी, पत्र कधी, कोणता रस्ता, फौज परत कधी आली. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि व्हायव्हात नेमकं तेच विचारतात.

नोकरीचं म्हणाल तर मुंबईत गेटवे हाऊस, ओआरएफ अशा थिंक टँकमध्ये इंटर्नशिपसाठी प्रयत्न करा, मार्कांपेक्षा लिहिलेलं काय दाखवता ते जास्त कामाला येतं असं माझं मत. यूपीएससीवाल्यांना जीएस दोन आणि तीन, दोन्हीकडे उपयोग.

आणि मुंबईचे आहात म्हटल्यावर इंटरव्ह्यूत २६/११ नंतर भारत का थांबला हे बहुतेक विचारतीलच. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी नंतर स्वतः लिहिलंय की त्यांना आधी ताबडतोब, दिसेल असं प्रत्युत्तर हवं होतं आणि पुढे संयमाचा निर्णय बरोबर वाटला. तिथून थेट २०१९ च्या बालाकोटवर या, सरकारने त्याला "नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह ॲक्शन" म्हटलं होतं, विमानं हवाई दलाची असूनसुद्धा. असं का म्हटलं असेल, हे त्या तीन रस्त्यांवर बसवून दाखवलंत की पॅनेल पुढचे प्रश्न तुमच्याच पिचवर विचारतं.