बारावीचं रसायनशास्त्र: मराठी माध्यमातून आलेल्यांनी अभ्यास कसा करावा

दहावीपर्यंत द्रावण, द्राव्य, क्षपण असं शिकलेली मुलं विज्ञान शाखेत येतात आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. सोल्युट, रिडक्शन हे शब्द कानाला परके लागतात, मग समजून घेणं सुटतं आणि पाठांतर सुरू होतं. विषय अवघड वाटण्याचं निम्मं कारण हेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

१. जुन्या शब्दांची नव्यांशी ओळख करून द्या. एका वहीत ऑस्मॉसिससमोर परासरण, कॅटॅलिस्टसमोर उत्प्रेरक, पीएचसमोर सामू असं लिहीत जा. धडा आधी मराठीत, मोठ्याने, स्वतःलाच समजावून सांगा. जिथे बोलताना अडखळाल तिथे समजलेलं नाही. उत्तराचा सराव मात्र इंग्रजीतच लिहून करा, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे.

२. मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) पक्का करा. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, मग ४.५ ग्रॅम म्हणजे किती? 'पाव मोल' हे उत्तर चटकन आलं नाही, तर चार दिवस अकरावीच्या पुस्तकाला द्या. द्रावणं, विद्युतरसायन, अभिक्रियेचा वेग हे सगळे धडे त्यावरच उभे आहेत.

३. गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज बांधा. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि लॉग टेबलात एक ओळ चुकली की उत्तर भलतंच येतं. समजा, प्रथम कोटीची अभिक्रिया (जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो ती) ९० टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल, असं विचारलंय. अर्धायुकाल म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ. तीन अर्धायुकाल गेले की १२.५ टक्के पदार्थ उरतो, चार गेले की ६.२५ टक्के. आपल्याला १० टक्के उरायला हवाय, म्हणजे उत्तर तीन आणि चार अर्धायुकालांच्या मध्ये. प्रत्यक्षात ते ३.३२ पट येतं. तुमचं १२ पट आलं, तर चूक तिथल्या तिथे कळते.

एककंही तपासा. एन्थाल्पी (उष्णतेचा हिशोब) बहुधा किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) ज्यूलमध्ये दिलेली असते. दोन्ही एका एककात न आणता सूत्रात घातली की हातचे गुण जातात.

४. सेंद्रिय रसायनाचा नकाशा काढा. मोठ्या कागदाच्या मधोमध इथेनॉल लिहा आणि बाण काढत जा. तीव्र सल्फ्युरिक आम्लासोबत ४४३ केल्व्हिनला इथीन मिळतं, ४१३ केल्व्हिनला डायइथिल ईथर. आम्ल तेच, अल्कोहोल तेच, फरक फक्त ३० अंशांचा! म्हणून बाणावर अट लिहिल्याशिवाय बाण काढायचाच नाही. पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, एक सौम्य ऑक्सिडीकारक) वापरलं तर गाडी इथेनॅल या ॲल्डिहाइडवर थांबते, आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट वापरलं तर ॲसिटिक आम्लापर्यंत जाते. ब्रोमोइथेनला जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिलं तर इथेनॉल परत, अल्कोहोलमधलं दिलं तर मुख्यतः इथीन. पोटॅशियम सायनाइडने साखळीत एक कार्बन वाढतो, हा बाण लाल शाईने काढा. रूपांतराच्या प्रश्नात तो फार उपयोगी पडतो. कागद भिंतीवर लावा आणि आठवड्यातून एकदा न बघता पुन्हा काढा.

५. गट १६ ते १८ आणि संक्रमण मूलद्रव्यं रोज थोडी वाचा. इथे पाठांतर लागतंच.

६. प्रात्यक्षिकाचे ३० गुण गृहीत धरू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) वेगळा दर्शक (इंडिकेटर) लागत नाही. फिकट गुलाबी छटा टिकली की तोटी बंद. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर वरच्या कडेचं वाचन घ्या. ऑक्झॅलिक आम्ल असेल तर ते आधी ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्या, नाहीतर सुरुवातीला रंग जाता जात नाही.