चतुर शीर्षासन करतो तेव्हा

मी लग्नाचे फोटो काढतो. एप्रिल-मे म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. रात्री दीड-दोनला मांडवातून सुटायचं आणि पाचला उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचं, हे माझं अकरा वर्षांपासून चाललंय. घर साकोलीजवळ, भंडारा जिल्ह्यात. इथे गावागणिक तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जुन्या माणसांनी धानासाठी बांधलेले हे मालगुजारी तलाव. हिवाळ्यात तिथे नागपूरहून लांबलचक लेन्स घेऊन लोक येतात. मे महिन्यात मात्र मी आणि मासे धरणारे ढीवर काका, दोघंच. पहिल्या वर्षी भर दुपारी बाराला मला पाळीवर पाहून त्यांनी विचारलं होतं, "काहून गा बाबू, मराले आला का?"

आलो होतो किड्यांचे, पक्ष्यांचे फोटो काढायला, वेगळ्याच हिशेबानं. पावसाळ्यात जिकडेतिकडे पाणी, म्हणून जीवही विखुरलेले असतात, शोधत हिंडावं लागतं. मे महिन्यात तलाव आकसून मधल्या डबक्यापुरता उरतो आणि आसपासच्या सगळ्यांना तिथेच यावं लागतं. तुम्ही फक्त बसायचं. अर्थात कुठे बसायचं आणि कधी उठायचं, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

आधी एक गैरसमज काढून टाका. कीटकांचे फोटो काढायला पहाटे जा, दवात गारठलेले किडे हलत नाहीत, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते डिसेंबरात खरं. आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीही पारा कित्येकदा ३० च्या आसपास असतो. दव कुठलं आणि गारठा कुठला! सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सातपर्यंत चतुर (पाण्याकाठचा चार पंखांचा किडा, ड्रॅगनफ्लाय) असा तापलेला असतो की तुम्ही गुडघा टेकेपर्यंत पसार. तेव्हा थंडीची वाट पाहू नका, उन्हालाच कामाला लावा. पहाट पक्ष्यांना द्या, कीटकांना उशिराची वेळ.

चतुर आणि त्याच्यासारखाच दिसणारा किडा टाचणी यांतला फरक आधी डोळ्यात बसवा. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरलेले राहिले तर चतुर. पाठीवर मिटून घेतले, अंग काडीसारखं बारीक, तर बहुतेक टाचणी. टाचण्या काठच्या गवतात, बेशरमाच्या झुडपात सावलीला असतात. चतुर उघड्यावर, पाण्यात उभ्या काडीच्या टोकाला. ऊन डोक्यावर आलं की हा चतुर पोट वर उचलायला लागतो. अकराला तिरकं, बाराला पार उभं. शेपटीचं टोक थेट सूर्याकडे, अगदी शीर्षासन घातल्यासारखं. असं केलं की अंगावर कमीत कमी ऊन पडतं. माणूस भिंतीच्या बोटभर सावलीत अंग चोरून उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. २६ मेच्या आसपास आमच्या भागात सूर्य नेमका डोक्यावर येतो, दुपारी बाराच्या सुमारास उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवशी एखादा गुलाबी चतुर बघा. ओळंबा लावल्यासारखी सरळ शेपटी.

या फोटोसाठी मी एकदा शहाणपणा केला. लग्नातली पांढरी छत्री घेऊन गेलो, म्हटलं उजेड मऊ करू. छत्रीची सावली चतुरावर पडली आणि थोड्याच वेळात त्याची शेपटी खाली! छत्री बाजूला केली, पुन्हा वर. फोटो मिळाला नाही, पण तो काय करतोय हे एकदाचं पक्कं कळलं. तेव्हापासून वरून सावली नाही. उलट खालून, थर्माकोलचा एक तुकडा चिखलावर तिरका टेकवून ठेवतो. पाण्यावरचा उजेड त्यावरून चतुराच्या पोटाखाली जातो आणि काळीठिक्कर सावली निवळते.

जवळ जाण्याची रीत अशी. चतुर उडाला तरी पाठलाग करू नका. काठच्या चतुरांना काडी ठरलेली लागते. माशी पकडून किंवा दुसऱ्या चतुराला हुसकावून तो पुन्हा त्याच टोकावर येतो. तो गेला की तुम्ही दोन पावलं पुढे सरका, आला की थिजा. चार-पाच फेऱ्यांत हातभर अंतरावर पोहोचता. फक्त तुमची सावली त्याच्यावर जाऊ देऊ नका. कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर ठेवा, म्हणजे डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं एका रेषेत येतं. मी १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे जवळून टिपायची लेन्स वापरतो, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११, शटर १/५०० च्या पुढे. उन्हाची कमी नसल्यामुळे आयएसओ वाढवावा लागत नाही. मॅक्रो नसेल तर मोबाइलला लावायची चिमट्याची भिंग-लेन्सही चालते, पण मग धीर दुप्पट लागतो. मागे चकाकतं पाणी येऊ देऊ नका, पाळीच्या सावलीतला काळा भाग शोधा. नवरीच्या मागे कुलर येऊ देत नाही ना, तसंच.

मे महिन्यातली माझी सगळ्यात आवडती जागा तलावात नाहीच. ती तुडुमाच्या खाली आहे. तुडूम म्हणजे शेतात पाणी सोडायची जुनी मोरी. ती पाझरते आणि खाली चटईएवढी ओल कायम राहते. सकाळी नऊनंतर तिथे फुलपाखरांचं चिखलपान चालतं. पिवळी, पांढरी, लिंबावरची ठिपकेदार, सगळी सोंड चिखलात खुपसून. यात बहुतेक नर असतात, पाण्याबरोबर त्यांना क्षार हवे असतात. म्हणून गुरं जिथे मुततात तिथेही हीच गर्दी. नाक धरा आणि पोटावर झोपा, कोन खालचाच हवा. फुलपाखरू प्यायला लागलं की बऱ्यापैकी बेसावध होतं, पण पहिलं मिनिटभर हलू नका. एक उडालं तर वीस उडतात.

तलाव लांब असेल तर गावातली हापशी गाठा. तिच्या डबक्यावर कुंभारीण माशी चिखलाच्या गोळ्या वळून नेताना दिसते आणि मधमाश्या पाणी भरताना. हे पाणी पोळ्यात शिंपडून, पंखांनी वारा घालून त्या पोळं गार ठेवतात. आपला कुलर म्हणजे नक्कल आहे नुसती. मात्र जवळच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर अत्तर लावून, फ्लॅश उडवत तिथे बसायला जाऊ नका. लग्नातून थेट गेलो होतो एकदा, कपड्यांना गुलाबपाणी. पुढचं सांगत नाही.

आता पक्षी. यांच्यासाठी उजाडण्याआधी जागेवर बसलेलं असायला हवं. आठ-साडेआठनंतर तापलेल्या चिखलावरून हवा थरथरायला लागते आणि चाळीस मीटरवरचा बगळा पाण्यात बुडवल्यासारखा पुसट येतो. लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात. लेन्स ठीक असते, बिघडलेली असते मधली हवा. उपाय एकच, अंतर कमी करणं, आणि शक्य असेल तर भेगाळलेल्या जमिनीवरून न टिपता पाण्यावरून टिपणं. पांढऱ्या बगळ्यासाठी एक्स्पोजर एक घर खाली आणा, नाहीतर पिसं जळतात. उघड्या चोचीचे करकोचे उरल्यासुरल्या चिखलात गोगलगाई शोधत फिरतात. पाणकावळा गळा फडफडवत बसतो, कुत्रा धापा टाकतो तसा. व्हिडिओ घ्या, फोटोत ते कळत नाही. उंच मातीचा काठ असेल तर वेड्या राघूंची बिळं बघा. हा पक्षी मधमाशी धरून फांदीवर घासतो, नांगी काढतो, मग गिळतो. फांदी बहुधा तीच ती असते, तिच्यावर फोकस लावून ठेवा.

टिटवीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे मी चुकलो आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात असं एक घरटं सापडलं आणि मी पंधरा पावलांवर ठिय्या मांडला. मादी ओरडत घिरट्या घालत राहिली. मला वाटलं, होईल सवय. वीसेक मिनिटांनी ढीवर काका आले आणि माझी तिपाई उचलून चालायलाच लागले. काही बोलले नाहीत. मागे फिरून दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा टिटवी धावत आली, पण अंड्यांवर बसली नाही, पाय ताठ करून त्यांच्यावर उभी राहिली. सावली धरली होती तिनं. मग जोडीदार पाण्यातून पोट भिजवून आला आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसला. एरवी पक्षी अंडी उबवतो, मे महिन्यात तो ती गार ठेवतो. त्या वीस मिनिटांत मी काय करून बसलो होतो, हे तेव्हा समजलं. त्यातली किती अंडी फुटली ते बघायला मी परत गेलो नाही, धीरच झाला नाही. टिटवी ओरडत असेल, जखमी असल्याचं सोंग करून तुम्हाला लांब नेत असेल, तर तुम्ही घरट्यापाशी आहात. आल्या पावली मागे फिरा, पाय कुठे पडतो ते बघत.

सारस दिसले तर भाग्य. गोंदियाकडे ते आहेत, पण महाराष्ट्रात मोजकेच उरलेत. फोटो टाका, तलावाचं नाव टाकू नका, आणि मोबाइलमधलं ठिकाण बंद ठेवा. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातल्या तलावांवर परवानगीशिवाय जाऊ नका. गावच्या तलावावरही अंधारात मोहाच्या झाडाखालून जाताना बोलत, खाकरत जा. मोहफुलांच्या, टेंभरांच्या (तेंदूच्या फळांच्या) दिवसांत तिथे अस्वल असू शकतं. पाळीच्या दगडांवर बसण्याआधी काठी आपटा. पाण्यात दिसतो तो बहुतेक दिवड, बिनविषारी. दगडाच्या सावलीतली घोणस तशी नाही.

स्वतःचं काय? एक चतुर्थांश वेळ त्यातच जातो. सुती पूर्ण बाह्या, मातकट रंग, डोक्याला ओला दुपट्टा. तीन लिटर पाणी, त्यातलं एक मीठ-साखर घालून. कैरीचं पन्हं असेल तर उत्तम. आजी खिशात कांदा ठेवायला लावायची. मी ठेवतो, पण भरवसा पाण्यावर. दुपारचा मुक्काम वीस मिनिटं, घड्याळ लावून, आणि बरोबर कुणीतरी हवं. मागे एकदा फोकस लागत नाही म्हणून मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो. कॅमेरा बरोबर होता, भोवळ मला येत होती. डोकं ठणकणं, मळमळ, बोलताना शब्द चुकणं, यातलं काहीही झालं की सावली, पाणी, ओला कपडा आणि दवाखाना. फोटो नाही.

कॅमेऱ्यावर पांढरा टॉवेल टाका, काळं अंग दहा मिनिटांत हात भाजण्याइतकं तापतं. गाडीत बॅटरी ठेवू नका. एसीच्या खोलीतला कॅमेरा दमट काठावर काढला की काच धुरकटते. म्हणून मी तो रात्रीच बॅगेसकट अंगणात ठेवतो. परत आल्यावर कार्ड लगेच रिकामं करायचं. मला तर करावंच लागतं, संध्याकाळी त्याच कार्डावर वरात असते. गेल्या वर्षी एका नवरदेवाच्या अल्बमात हळदीनंतर तीन पानं टाचण्या गेल्या होत्या. त्यानं त्या ठेवून घेतल्या.