जत्रेच्या उत्पन्नाची वाटणी कशी करावी

चंपाषष्ठीची जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी सभामंडपात सतरंजी अंथरून आम्ही मोजणीला बसतो. तबकातली नाणी भंडाऱ्याने पिवळी झालेली असतात, नोटा नारळाच्या पाण्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि तांदळातली चिल्लर वेगळी करण्यासाठी कोणाच्या तरी घरून धान्याची चाळणी आणावी लागते. गेली काही वर्षे गावच्या खंडोबाच्या देवळाचा हिशेब माझ्याकडे आहे. एवढ्या काळात मोठ्या रकमेवरून भांडण झालेले मी क्वचितच पाहिले. झाले ते ‘हे तबक कोणाचे’ आणि ‘ही पाळी कोणाची’ यावरूनच. म्हणून वाटणीची बोलणी मोजणीच्या दिवसापर्यंत लांबवू नयेत. जत्रेच्या निदान पंधरा दिवस आधी सर्व सेवेकऱ्यांना बसवून ती पुरी करावीत, कारण पैसा समोर दिसू लागल्यावर प्रत्येकाला आपलीच सेवा मोठी वाटते.

बैठकीत सर्वांत आधी देवाचे, सेवेचे आणि मानाचे असे तीन भाग वेगळे करावेत. दानपेटीतील रक्कम, वाहिलेले दागिने आणि बांधकामासाठी आलेली देणगी हे देवाचे. देवस्थान महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले असेल, तर ही रक्कम न्यासाची असते. ती पंचांसमक्ष मोजून बँकेत भरावी लागते आणि विश्वस्तांना किंवा सेवेकऱ्यांना आपसांत वाटून घेता येत नाही. त्यातून सेवेकऱ्याला मानधन द्यायचे असल्यास तसा ठराव करून ते खर्चात दाखवावे. धर्मादाय आयुक्तांनी मंजूर केलेली देवस्थानाच्या कारभाराची योजना असेल आणि तिच्यात हिस्से ठरलेले असतील, तर गावच्या बैठकीने ते परस्पर बदलू नयेत. पुढे सांगितलेली रीत वहिवाटीने सेवेकऱ्यांकडे येणाऱ्या तबकापुरतीच आहे.

मानाचा भाग पैशात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला नारळ, पालखीचा पुढचा खांदा, मानाचा फेटा हे ज्या घराकडे चालत आले आहे त्या घराकडे राहू द्यावे. मात्र मान आहे म्हणून तबकातही वाटा, हे मान्य करू नये. मराठवाड्याला हा विचार नवा नाही. निजामाच्या राज्यात देवळांच्या आणि दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनींना ‘खिदमतमाश’ म्हणत. खिदमत म्हणजे सेवा आणि माश म्हणजे चरितार्थ. जो सेवा करील त्याने त्या जमिनीवर पोट भरावे, इतका साधा अर्थ त्या एका शब्दात आहे.

आता सेवेचा भाग. त्याचे माप आम्ही दिवसांवर ठरवले आहे, कारण दिवस सर्वांना मोजता येतात. एका माणसाची एका दिवसाची पूर्ण सेवा म्हणजे एक वाटा. गुरवाला दिवसाला दोन वाटे धरतो, कारण तो पहाटेपासून गाभाऱ्यात असतो आणि वर्षभराची नित्यपूजा त्याच्याच अंगावर असते. हे काहींना जास्त वाटते, पण उरलेल्या वर्षात त्या तबकात किती पडते ते मी पाहिलेले आहे. समजा, जत्रा पाच दिवसांची आहे. गुरवाचे दहा, चार वाजंत्र्यांचे वीस, रात्री दिवटी-तेल सांभाळणाऱ्याचे पाच आणि झाडलोट करणाऱ्या बाईचे पाच, असे चाळीस वाटे झाले. तबकात २४,००० रुपये आले, तर एक वाटा ६०० रुपयांचा पडतो: गुरवाला ६,००० आणि बाकी प्रत्येकाला ३,००० रुपये. एखादा वाजंत्री दोन दिवस आला नाही, तर त्याचे दोन वाटे त्याच्या जागी वाजवणाऱ्याला द्यावेत. बदली कोणीच नसेल, तर ज्यांनी त्याचे काम ओढले त्या त्याच्या सोबत्यांत ते वाटावेत. पाळी माझी आहे, म्हणून घरी बसूनही पैसे माझेच, हा युक्तिवाद दरवर्षी कोणीतरी करतोच. हजेरीची वही रोज संध्याकाळच्या आरतीनंतर सर्वांसमोर भरलेली असेल, तर तो फार वेळ टिकत नाही.

झाडलोट करणारी बाई आमच्या जुन्या यादीत नव्हतीच. गुरव, वाजंत्री, दिवटीवाला अशी सगळी नावे होती. रोज दोनदा सभामंडप झाडून फुटक्या नारळांच्या कवट्या पाटीने बाहेर नेणे ही सेवा आहे, हे ती यादी करणाऱ्याच्या ध्यानातच आले नसावे. तेव्हा यादी जुन्या कागदावरून न उतरवता एक दिवस पहाटेपासून शेजारतीपर्यंत देवळात बसून करावी. हलगीवाल्यांच्या बाबतीतही एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. त्यांचा वाटा पायरीवर ठेवून देण्याची पूर्वीची रीत बंद करून, इतरांप्रमाणे त्याच सतरंजीवर बसवून तो त्यांच्या हातात द्यावा.

भक्ताने एखाद्या सेवेकऱ्याला नेमून दिलेली दक्षिणा या हिशेबात ओढू नये. जागरणासाठी वाघ्या-मुरळीला यजमानाने दिलेले पैसे आणि अभिषेक सांगणाऱ्याची दक्षिणा ज्याची त्यालाच जाते.

अलीकडे मात्र एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. सभामंडपाच्या खांबावर क्यूआर कोडची पाटी लागल्यापासून, पूर्वी तबकात पडणारी दहा-वीसची नोट मोबाईलवरून थेट न्यासाच्या खात्यात जाते. न्यासाचे उत्पन्न वाढते आणि सेवेकऱ्यांचे तबक हलके होते. यावर उपाय म्हणून सेवेकऱ्यांपैकी कोणी आपला स्वतःचा कोड गाभाऱ्यापाशी चिकटवू नये. त्याने संशय वाढतो. त्यापेक्षा जत्रेच्या दिवसांचे मानधन किती वाढवायचे, याचा ठराव न्यासाने आधीच करून ठेवावा.

वस्तूंची वाटणी त्याच दिवशी उरकावी, कारण नारळ नासतात आणि शिध्याला किडे लागतात. नारळ, खोबरे व धान्य वाट्यांच्याच प्रमाणात मापाने द्यावे. साड्या आणि खण यांची किंमत सारखी नसल्याने त्यांच्या चिठ्ठ्या टाकणे बरे. कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या जेवणाच्या, बोकडाचे मुंडी-कातडे कोणाचे आणि तो कापणाऱ्या मुलाण्याचा हक्क काय, हे गावोगावी वेगळे आहे; तिथे जुन्या वहिवाटीला हात न लावणे शहाणपणाचे.

ठरलेले सर्व कागदावर आणावे. धाराशिव जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन आहेत. देव एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. प्रत्यक्ष देवाच्या मुक्कामाचा कागद होतो, तिथे तबकाचा कागद करण्यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. कागदावर हजेरी, एकूण रक्कम, वाट्याचा दर आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा असावा. एक प्रत देवळात आणि एक सेवेकऱ्यांपैकी कोणाकडे तरी राहावी. भागाकार करून जी चिल्लर उरते, ती कोणाच्याही नावावर न टाकता तिथल्या तिथे समईच्या तेलासाठी काढून ठेवावी.